आवडीच्या कंबरेचा पंप

मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलचाही नव्हे. साबणाच्या डबीहून थोडा मोठा, राखाडी रंगाचा. माझ्या पोटात एक लहान सिरिंज, बोटाएवढी मोटार आणि बॅटरी आहे. कर्जतच्या बाजारपेठेमागच्या आळीत डॉक्टर मालतीताईंचा दवाखाना आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर मी असतो. सुई टोचून घ्यायला आलेली मुलं मला पाहून विचारतात, "हा ट्रान्झिस्टर चालतो का?" मग त्यांचं लक्ष माझ्या उजव्या कोपऱ्यातल्या तड्याकडे जातं. मित्रांनो, तो तडा लोखंडी पान्याच्या घावाचा आहे. तो कसा पडला हे सांगायचं, तर मला आवडीबद्दल सांगावं लागेल.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मधुमेहाच्या रोग्यांच्या अंगात इन्सुलिन सावकाश, सलग सोडत राहायचं, हे माझं पहिलं काम. पुढे मी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात आलो. तिथे एका कारागिराने माझ्या पोटात घड्याळासारखा एक भाग बसवला. आता झाकणाखालचं बटण एका बाजूला केलं की मी सलग चालायचो आणि दुसऱ्या बाजूला केलं की थांबून थांबून. हे थांबणं म्हणजेच माझं नवं काम होतं.

तुमच्या डोक्यात, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचं नाव पियूषिका. मुलगी वयात आली की मेंदू या ग्रंथीला एका संप्रेरकाचा निरोप पाठवू लागतो. साधारण दीड तासाने एक घोट, मग शांतता, मग पुन्हा एक घोट. ग्रंथीतल्या पेशींच्या अंगावर हा निरोप झेलायच्या बारीक बारीक जागा असतात. निरोप आला की त्या पेशी जाग्या होतात आणि आपला निरोप पुढे अंडाशयाला धाडतात. अंडं पिकतं, पाळी येते, पुढे कधीतरी मूल होतं. हे सगळं त्या थांबून थांबून येणाऱ्या घोटावर चालतं. तोच निरोप सलग येऊ लागला तर पेशी आधी गडबडतात आणि मग झेलायच्या जागा आत ओढून घेतात. मग कितीही औषध ओता, त्यांना काही कळत नाही. शास्त्रज्ञांनी हे माकडांवर प्रयोग करून तेव्हा नुकतंच शोधलं होतं. ज्या बायकांच्या मेंदूकडून हा निरोप जात नाही, त्यांच्या अंगात तो मी पोचवायचा, असं ठरलं. मालतीताई त्या रुग्णालयात शिकलेल्या होत्या. त्यांनी मला कर्जतला मागून आणलं.

चौऱ्याऐंशी साली भातकापणी उरकल्यावर सोनुबाई आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सून म्हणजे आवडी. माहेर कोंडाण्याचं, सासर चौक गावाजवळ, इर्शाळगडाच्या पायथ्याला. तिचा नवरा गोमा हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचा. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं पाळी नीट यायची, मग ती बंद झाली ती झालीच. सोनुबाईने भगत केले, गंडे बांधले, आणि आता शेवटचं म्हणून ती इथे आली होती.

ताईंनी तपासलं, रक्त मुंबईला पाठवलं. अंडाशय ठीक होतं, ग्रंथी ठीक होती. वरून निरोपच येत नव्हता. तो का येत नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आवडीच्या दंडावर काळानिळा डाग होता. ताईंनी तो पाहिला. "हे काय गं?"

आवडीने तोंड उघडायच्या आत सोनुबाई म्हणाली, "पानी भराय जाताना पडली. येंधळी हाय लई."

ताईंनी मान हलवली आणि मला डब्यातून बाहेर काढलं. ताई चांगल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांना माझंच कौतुक जास्त होतं. त्यांनी आवडीच्या पोटावर बारीक सुई बसवली, मला पट्ट्याने कंबरेला बांधलं आणि समजावून सांगितलं, "यातून थेंबभर औषध आत जाईल. मग हा थांबेल. मग पुन्हा थेंबभर."

"आन समदं एकदाच सोडलं तर?" सोनुबाईने विचारलं. "लवकर नाय व्हायचं?"

"नाही, सोनुबाई. कुणी सारखं कानाशी बोलत राहिलं तर माणूस ऐकेनासा होतो ना? आतल्या पेशींचं तसंच असतं. मधे शांतता असते, म्हणून पुढचा निरोप त्यांना ऐकू येतो."

आवडी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "खरं हाय ताई. सासूबायचं बी आता मला ऐकूच येत नाय."

ती हसत नव्हती. सोनुबाईने पदराआडून तिला चिमटा काढला. मी त्याच कंबरेला होतो, त्यामुळे ती कंबर कशी ताठ झाली ते मला कळलं.

माझे कामाचे दिवस सुरू झाले. आवडी पहाटे उठून शेण काढायची, पाणी भरायची, भात झोडायची आणि मी पदराखाली आपलं काम करायचो. कंबरेला बांधलेल्या वस्तूला माणसाची भूक लवकर कळते. घरात आधी गोमा जेवायचा, मग सोनुबाई, आणि भांड्याला लागलेलं उरायचं ते आवडीचं. कधी तेही नसायचं. माझा पट्टा एकेक भोक आत जात होता.

आणि मारही कळायचा. कालवणात मीठ कमी पडलं, म्हणून मार. गॅरेजात मालक ओरडला, म्हणून मार. एकदा शेजारणीकडे पाहून आवडी हसली, तेवढ्यावरून गोमाने तिला केसांना धरून चुलीपर्यंत ओढत नेलं. सोनुबाईने तिला बजावून ठेवलं होतं, "ह्ये मशीन मोडलं ना, तर मी दुसरी सून आनीन बघ." त्यामुळे गोमाचा हात उठला की आवडी दोन्ही हातांनी मला झाकायची. तोंड मोकळं राहायचं. तिथे चपराक बसायची, ओठ फुटायचा आणि रक्ताचे थेंब माझ्या झाकणावर पडायचे. ती मग ते लुगड्याने पुसून काढायची.

एवढं असूनही माझं काम चाललं. महिन्याभराने रक्त तपासलं तेव्हा आवडीच्या पेशी जाग्या झाल्याचं दिसलं. ताईंना किती आनंद झाला! मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी फोनवर माझी स्तुती केली. मलाही फार बरं वाटलं, हे खरं आहे.

त्यानंतरच्या रविवारी गोमा ओटीवर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. आवडीला त्याने पुढ्यात उभं केलं आणि मला कान लावला. मी एक घोट सोडला आणि नेहमीसारखा थांबलो.

"ह्ये बघ. बंद पडलं," तो आईला म्हणाला. "मधी मधी बंद पडतंय. ताईनं बिघडलेलं मशीन गळ्यात मारलंय."

"तसंच चालतं ते," आवडी म्हणाली. "ताईंनी सांगितलंय, हात लावू नका."

गोमाने स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्या हाताच्या पेरांवर हाणली. "बंद पडनारी मशीनं मी रोज दुरुस्त करतो. तू मला शिकवनार काय?"

त्याने झाकण उघडलं, बटण दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि झाकण घट्ट बसवलं. मित्रांनो, यंत्राला नाही म्हणता येत नाही. मी सलग चालू लागलो. औषध तेच होतं, दिवसाला जायचं तेवढंच जात होतं. फक्त मधला थांबा उरला नाही. पहिले काही दिवस आवडीचं ओटीपोट दुखलं, ती वाकून चालायची. सोनुबाईला वाटलं, गुण येतोय. मग दुखणं थांबलं. मी औषध सोडत होतो आणि आत ते झेलायला कुणी नव्हतं.

पुढच्या तपासणीत ताईंनी कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माझं झाकण उघडलं. स्क्रूवर ओरखडे होते. त्यांनी गोमाला बोलावून घेतलं. दवाखान्यात दहाबारा माणसं बसली होती, सोनुबाईही होती. त्या सगळ्यांदेखत ताई त्याला म्हणाल्या, "महिन्याभराची मेहनत तुम्ही वाया घालवलीत. पेशींना विश्रांती लागते हो. तीच तुम्ही काढून घेतलीत. ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात हात घालू नये."

"चुकलं ताई," गोमा म्हणाला आणि हसला. ते हसणं मी आवडीच्या कंबरेवरून पाहिलं. आवडीनेही पाहिलं असावं, कारण तिचे दोन्ही हात आपोआप माझ्यावर आले. ताईंनी बटण पुन्हा जागेवर केलं आणि तिला घरी पाठवलं.

घरात पाऊल टाकताच गोमाने दाराची कडी आतून लावली. बाहेर टळटळीत दुपार होती. त्याच्या हातात गॅरेजातून आणलेला ट्रकचा जुना रबरी फॅनबेल्ट होता.

"चार मानसांत माझी इज्जत काढलीस," तो म्हणाला.

"मी काय बोलले? मी कायच बोलले नाय."

बेल्ट तिच्या पाठीवर बसला. मग खांद्यावर, मग मानेवर. ती खाली पडली, तेव्हा त्याने लाथा घातल्या. बेल्ट हातातून सुटला, तेव्हा त्याने पिशवीतला पाना काढला. आवडीने उजवा हात मधे धरला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिच्या किंकाळीने माळ्यावरची कबुतरं उडाली. मग त्याने मला धरून हिसडा दिला. पट्टा तुटला, सुई कातडीसकट उपटून आली. त्याने मला जमिनीवर आपटलं आणि पाना माझ्यावर हाणला. माझी मोटार थांबली.

तो पुन्हा पाना उगारत होता, तेवढ्यात सोनुबाई पुढे झाली आणि तिने त्याचा हात धरला. "आरं मशीनला नको मारू रं," ती म्हणाली. "सरकारी हाय ते."

आवडीने ते ऐकलं. भिंतीला धरत ती उभी राहिली. चुलीमागे लाकडं तोडायचा कोयता होता. तो तिने डाव्या हातात घेतला.

"आता ये," ती म्हणाली.

गोमाला ती खरं बोलते आहे असं वाटलं नसावं. तो पुढे आला आणि कोयता त्याच्या हातावर, मनगटापासून कोपराकडे, उतरला. तो मटकन खाली बसला आणि आपल्याच रक्ताकडे बघत राहिला. सोनुबाई ओरडू लागली. आवडीने कोयता खाली टाकला, मला उचलून पदरात बांधलं, डाव्या हाताने कडी काढली आणि ती बाहेर पडली.

आळीतली दारं उघडी होती, दारांत माणसं उभी होती. इतकी वर्षं रोजचा आवाज ज्यांनी ऐकला होता, तीच ती माणसं. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी तिला पाणीही विचारलं नाही. ती चालत हायवेला आली. कर्जतच्या एसटीत कंडक्टरने तिचा लोंबकळणारा हात पाहिला आणि उठून आपली जागा दिली.

ताईंनी हात बसवून प्लास्टर घातलं. मग पाठीला मलम लावण्यासाठी लुगडं बाजूला केलं. पाठीवर ताजे लाल वळ होते, त्यांच्याखाली पिवळे पडलेले, त्यांच्याखाली काळे. ताईंनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं.

"आवडी, तू घरी जेवतेस काय?"

"उरलं तर जेवते."

"आणि झोप?"

"नवरा घोराय लागला की लागतो डोळा. तवर कान तिकडंच असतात."

ताई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "बाईचं शरीर उपाशी असलं, भ्यालेलं असलं, तर मेंदू आपणहून तो निरोप थांबवतो. अशा दिवसांत मूल नको, म्हणून. हे मी पुस्तकात वाचलेलं आहे गं. तुझ्यात काही बिघाड नव्हता. तुझं शरीर नाही म्हणत होतं, आणि मी यंत्र लावून त्याला हो म्हणायला लावत होते."

आवडीने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. "अंगानं तरी नाय म्हनलं," ती म्हणाली. "मला कुटं जमलं?"

ताईंनी त्याच संध्याकाळी कोंडाण्याला निरोप धाडून तिच्या भावाला, धाऊला, बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून गोमा दवाखान्यात आला, गॅरेजातले दोघे सोबत होते. ताई पायरीवर उभ्या राहिल्या.

"माझी बायको हाय," गोमा म्हणाला. "न्यायला आलोय."

आवडी आतून म्हणाली, "मी येनार नाय."

त्याने ताईंना ढकललं. त्या दाराच्या चौकटीवर आपटल्या, त्यांचा चष्मा फुटला. गोमाने आत शिरून आवडीची वेणी पकडली आणि तिला फरशीवरून ओढायला सुरुवात केली. बाकावर बसलेला धाऊ उठला. तो शेतकरी माणूस, हात दगडासारखे. त्याने गोमाला कमरेत उचलून पायऱ्यांवरून खाली फेकलं. गॅरेजवाल्यांनी दगड मारले. खिडकीची काच फुटून आत उडाली. मग मात्र रोगी, रस्त्यावरचे दुकानदार, सगळे धावले आणि त्यांनी तिघांना पोलीस येईपर्यंत दाबून धरलं.

पोलीस ठाण्यात ताईंनी मला टेबलावर ठेवलं. कपाळाला पट्टी बांधलेल्या ताई, प्लास्टर घातलेली आवडी आणि तडकलेला मी, असे आम्ही तिघे साक्षीदार. खटला बरेच महिने चालला. कोयत्याबद्दल आवडीलाही प्रश्न विचारले गेले. तिने झालं तसं सांगितलं आणि तिला सोडण्यात आलं. गोमाला शिक्षा झाली. तुम्हाला वाटेल त्याहून ती कमी होती, पण झाली.

मी मुंबईला दुरुस्तीला गेलो. नवी मोटार बसली, तडा मात्र तसाच राहिला. मी परत आलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. एके दिवशी ताईंनी मला पिशवीत घातलं आणि त्या कोंडाण्याला निघाल्या. टेंपो होता तिथवर टेंपोने गेल्या, पुढे पायवाटेने. मला वाटलं, माझं काम पुन्हा सुरू होणार.

धाऊच्या ओटीच्या टोकाला आवडी गोणपाटावर एकटीच बसली होती. तिचे गाल भरले होते. धाऊची बायको मोतीबाई तिच्यापुढे ताट लांबून सरकवत होती. ताटात दोन भाकऱ्या होत्या, सुकटीचं कालवण होतं, आणि वर मोतीबाई म्हणत होती, "संपव समदं. मी बघत्ये हां."

ताई जवळ जाऊ लागल्या, तेव्हा आवडी गडबडीने म्हणाली, "ताई, लांब रावा. कावळा शिवलाय."

ताई जागच्या जागी थांबल्या. "कधीपासून?"

"ही तिसरी खेप," आवडी म्हणाली. "आपलं आपनच आलं."

ताई सरळ पुढे गेल्या आणि त्याच गोणपाटावर तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मोतीबाईने तोंडावर हात ठेवला. ताईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं.

"आता ह्याचं काय काम?" आवडीने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या.

आवडीने मला हातात घेतलं. तिच्या मनगटाचं हाड थोडं वाकडंच जुळलं होतं. तिने माझ्या तड्यावरून अंगठा फिरवला. "ह्यानं बी लई मार खाल्ला," ती म्हणाली. मग मला बाजूला ठेवून तिने भाकरी मोडली.

त्या दिवशी मी तिथे बसून राहिलो. माझ्या अगदी शेजारी, तिच्या डोक्यात, वाटाण्याएवढ्या त्या ग्रंथीला घोट पोचत होते आणि मधे शांतता होती. ते माझ्याहून चांगलं चाललं होतं. पुढे नवे, लहान पंप आले आणि मी कपाटात गेलो. मला त्याचं फारसं दुःख नाही. ज्याची गरज संपली असा पंप असणं वाईट नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं नीट ठेवा, हे मी सांगत नाही, ती कुणीही दुरुस्त करतं. तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं ते एकदा पाहा आणि उद्या तिचं ताट आधी वाढा. आणि शेजारच्या भिंतीपलीकडून मारल्याचा आवाज आला, तर आईवडलांना उठवा, सगळे मिळून जा आणि ते दार वाजवा. कुणी उघडलं नाही, तर परत फिरू नका. थोडं थांबा आणि पुन्हा वाजवा.